उकळत्या पाण्याचे शहात्तर अंश

टिकून राहणं हा या विश्वातला सर्वांत मोठा पराक्रम आहे. तारे विझतात, डोंगर झिजतात, साम्राज्यं पाठ्यपुस्तकात जाऊन बसतात. पण काही थोड्या वस्तू अशा असतात, की भोवती कितीही आग पेटली तरी त्या एकमेकींचा हात सोडत नाहीत. ताईंनी आयुष्यातली सहा वर्षं जिच्यावर घालवली ती वस्तू या थोर जातीतली. तिचं एकूण आयुष्य सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं होतं. त्यानंतर ती मोजणीच्या पट्टीवर आपटून खलास व्हायची. पण तेवढ्या वेळात ती फार खंबीर असायची.

ही वस्तू म्हणजे एका धातूच्या तेरा अणूंचा, ऑक्सिजन लपेटून बसलेला पुंजका. शास्त्रीय लेखांत त्याला क्लस्टर म्हणत. ताई घरी घोस म्हणायच्या, कारण घरी क्लस्टर म्हटलं की सासरे विचारायचे, म्हणजे काय. काम सांगायला सोपं होतं. धातूच्या कांडीवर लेसर मारायचा, उडालेल्या वाफेवर हेलियमचा झोत सोडायचा, की दहा-बारा-पंधरा अणूंचे घोस तयार होत. ते वीतभर लांबीच्या तांब्याच्या नळीतून धावत जात. नळी तापवायची. फार तापली की घोसातला ऑक्सिजन सुटायचा. पलीकडचं यंत्र प्रत्येक घोसाचं वजन सांगायचं, त्यावरून कोण अजून अखंड आहे आणि कोणाचा धीर सुटला ते कळायचं. ज्या तापमानाला निम्मे घोस फुटतात, तो त्या घोसाच्या टिकाऊपणाचा आकडा. बाराचा वेगळा, चौदाचा वेगळा. तेराचा सर्वांत वरचा: पाचशे सात अंश.

या पाचशे सातवर ताईंची नोकरी टांगलेली होती.

प्रयोगशाळेत सहा वर्षांत पहिल्यांदाच एक कायम पद निघालं होतं. वयाची अट बेचाळीस. ताईंना एक्केचाळीस पुरी होऊन दोन महिने झाले होते. पुढचं पद निघेपर्यंत त्या अट ओलांडून बऱ्याच पुढे गेल्या असत्या. मुलाखत आटोपली होती, फक्त एक सोपस्कार उरला होता. समितीचे बाहेरचे परीक्षक गुरुवारी अकरा वाजता येऊन प्रयोग स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार होते. हे परीक्षक म्हणजे गणितवाले. त्यांनी याच घोसाचा आकडा कागदावर काढला होता, पाचशे चार. ताईंचा पाचशे सात. ताईंच्या गटाचे प्रमुख म्हणजे सर. त्यांनी या मोजणीवरच्या लेखाच्या पहिल्याच ओळीत ‘सिद्धांत आणि प्रयोग यांचा अभूतपूर्व मेळ’ असं लिहिलं होतं, आणि तेव्हापासून ते जिन्यातही जरा हळू, भारदस्तपणे चढत.

बुधवारी संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी विषय काढला. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन वजनांवर शिक्के मारण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. स्वयंपाकघरातला काटा अजूनही दर महिन्याला त्यांच्या हाताखालून जायचा.

“उद्या येणार ना ते साहेब?”

“हो, बाबा.”

“काय बघणार?”

“घोस किती तापल्यावर फुटतो ते.”

“आणि किती तापलंय हे कोण सांगतं?”

“मीटर. त्याची दरवर्षी तपासणी होते. वर स्टिकर असतो.”

“मीटर नळीत जातो?”

“नाही, मीटर टेबलावर असतो. नळीत तार जाते. दोन धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की किंचित वीज येते, तिच्यावरून मीटर अंश काढतो.”

“त्या तारेवर स्टिकर आहे?”

ताईंचा घास तोंडातच राहिला. “तारेवर कुठे चिकटवणार, बाबा? काडीएवढी जाड असते ती.”

“बाबा, तुम्हाला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली,” ताईंचे यजमान म्हणाले.

“मी झालोय. मापं कुठे झालीयेत?” सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं. “एका दुकानात सगळी वजनं शिक्क्याची होती. चकचकीत. तरी हिशेब लागेना. तीन तास मी चोरी शोधत होतो आणि तो बिचारा मला चहा पाजत होता. चोरी नव्हतीच. तागडीचा दांडा एका बाजूने गंजला होता. नऊ वर्षं तो माणूस स्वतःलाच फसवत होता, आणि मी दरवर्षी येऊन त्याच्या वजनांवर शिक्का मारत होतो.” ते पाणी प्यायले. “आपलं सहज सांगितलं. तू जेव.”

ताई जेवल्या, पण काय जेवल्या ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

गुरुवारी साडेआठला त्या प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा मजल्यावर कोणी नव्हतं. तार बदलता यावी म्हणून नळीच्या मागच्या खोबणीत बाहेरून सरकवलेली असे. ती काढायला अर्धं मिनिट लागलं. ‘येथे खाण्यापिण्यास सक्त मनाई आहे’ या पाटीच्या बरोबर मागे चहाची विजेची किटली लपवलेली होती. ताईंनी पाणी उकळलं आणि तारेचं टोक त्यात सोडलं.

मीटरवर आकडे चढू लागले. चाळीस. अठ्ठावन्न. सत्तर. शहात्तर.

शहात्तरवर ते थांबले.

पाणी खदखदत होतं, झाकण थडथडत होतं. ताईंनी आणखी दोन मिनिटं वाट पाहिली. शहात्तर. पाणी शहात्तर अंशांना उकळतं, नाही असं नाही, पण त्यासाठी समुद्रापासून सात हजार मीटर उंच जावं लागतं. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती.

आधी त्यांनी किटलीवर संशय घेतला. माणूस आपल्या सहा वर्षांवर संशय घेण्याआधी किटलीवर घेतो. कपाटाच्या तळाशी जुना पाऱ्याचा तापमापक होता, तो पुसून बुडवला. नव्याण्णव. किटली निर्दोष सुटली. तार मुठीत धरून ताई जिना उतरून तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये गेल्या.

फिटरकाका एका झडपेला वंगण देत होते. त्यांनी तारेकडे एकदा पाहिलं. “ही एन जातीची तार आहे.”

“के असायला हवी, काका. मीटर के वर आहे.”

“के तुटली ना तेव्हा. भांडारात नव्हती. सर म्हणाले, मिळेल ती लावा, पण मशीन बंद राहता कामा नये. एन मिळाली, लावली. चांगली असते एन, के पेक्षा जास्त टिकते. फक्त मीटरवरचं अक्षर बदलावं लागतं.”

“मग ते बदललं का नाही?”

“मीटर वरच्या मजल्याचा. त्याला हात लावायचा नाही असं मला लेखी दिलंय.” काकांनी हात पुसले आणि फळीवरून एक जाड नोंदवही काढली. बोटाने ओळी चाचपत ते दोन वर्षं चार महिने मागे गेले. “हे बघा. ‘के प्रकारची तार तुटली. एन प्रकारची बसवली. मीटरवरील अक्षर बदलावे असे वरच्या मजल्यास कळवले.’”

“कोणाला कळवलं?”

“वरच्या मजल्याला.”

“म्हणजे कोणाला, काका?”

“तुम्ही सगळे परिषदेला गेला होतात. मी चिठ्ठी लिहून दाराखालून आत सरकवली.” काकांनी वही मिटली. “पुढचं झाडूवाल्याला माहीत.”

ताईंनी तिथेच, त्या तेलकट बाकावर, तक्ता उघडून हिशेब केला. दोन्ही तारांची वीज वेगळी. एनची थोडी कमी. मीटर तिला के समजत होता, म्हणून कमी अंश दाखवत होता. तो पाचशे सात म्हणत होता तेव्हा नळी सहाशेच्या घरात होती. लेखातला एकूण एक आकडा याच तारेचा होता; त्याआधीची मोजणी हेलियमच्या गळतीत वाया गेली होती.

“मोठं काही आहे का?” काकांनी विचारलं.

“त्र्याण्णव अंश.”

“मग मोठंच की,” काका म्हणाले आणि पुन्हा झडपेकडे वळले.

सर दहाला आले. नवा कोट घालून आले होते. ताईंनी किटलीपासून नोंदवहीपर्यंत सगळं सांगितलं. सरांनी उठून दार लावलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मग विचारलं, “आणखी कोणाला माहीत आहे?”

“फिटरकाकांना.”

“त्यांना जमेत धरायचं नाही.”

“दोन वर्षांपासून फक्त त्यांनाच माहीत आहे, सर.”

सर खिडकीशी गेले. खाली फाटकापाशी पाहुण्यांच्या गाडीसाठी जागा राखून ठेवलेली दिसत होती. “मला सांगा, तेरा वर सरकला, तसे बारा आणि चौदाही सरकले ना?”

“हो.”

“म्हणजे तेरा पहिलाच.”

“पहिलाच.”

“मग बिघडलं काय? वर्गातली सगळी पोरं खड्ड्यात उभी करून उंची मोजली तरी उंच पोरगा उंचच राहतो.”

“पण उंची चुकते, सर.”

“चूक म्हणू नका. पुनर्मापन म्हणा.” सर आता सावरत होते. “आज नको. आज ते येतील, पाचशे सात बघतील, सही करतील, जातील. सोमवारी आपण रीतसर दुरुस्तीचं पत्र पाठवू.”

“कोणत्या सोमवारी?”

सरांनी नव्या कोटाची बाही झटकली. ते खालच्या आवाजात म्हणाले, “हे मी तुमच्यासाठी बोलतोय. माझी नोकरी आहेच.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच लागलं. ताईंनी तार जागेवर परत सरकवली. अक्षराला हात लावला नाही. साडेदहापासून अकरापर्यंत त्यांनी हेलियमचा दाब चार वेळा तपासला. चारही वेळा तो ठीक होता.

परीक्षक अकरा वाजून सात मिनिटांनी आले. कृश, उंच, सर्दीने बेजार. नाकाला रुमाल, काखेत फाईल. “शेकहँड नको,” ते म्हणाले, “तुम्हालाही लागेल.” सरांनी हवेतच हात जोडले. चहा नको, पाणी नको, प्रास्ताविक नको. त्यांना फक्त उभं राहून बघायला जागा हवी होती.

ताईंनी लेसर सुरू केला. तडतड तडतड, सेकंदाला दहा ठोके. पडद्यावर उंच सखल टोकं उगवली. एकेक टोक म्हणजे एकेका वजनाचा घोस. मधलं तेराचं. नळी तापू लागली. दोनशे. तीनशे. सर कानाशी समालोचन करत होते, परीक्षक ऐकत नव्हते. चारशेला अकराचं टोक खचलं. चारशे पस्तीसला चौदाचं. बारा काही काळ तग धरून होता, चारशे साठच्या पुढे तोही बसला. तेरा तसाच उभा. ताई अंश एकेकाने वाढवू लागल्या. चारशे नव्वद. पाचशे. पाचशे चार. तेराचं टोक झुकलं. पाचशे सातला ते बरोबर निम्म्यावर आलं.

“अभूतपूर्व,” सर म्हणाले.

परीक्षकांनी नाक शिंकरलं, फाईल टेबलावर उघडली, ‘निरीक्षणात आलेला आकडा’ या रकान्यात पाचशे सात लिहिलं आणि खाली सही केली. मग त्यांनी कागद ताईंकडे सरकवला. “मोजणाऱ्याची सही. शेवटच्या ओळीवर.”

शेवटची ओळ अशी होती: ‘वरील आकडा माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.’

पावणेनऊपर्यंत ताईंनी ही सही डोळे मिटून केली असती. मधल्या तीनेक तासांत फक्त त्यांची माहिती वाढली होती. पेन हातात होतं. लेसर तडतडत होता. सर पलीकडे उभे राहून इतक्या मनापासून हसत होते, की त्यांच्या गालाचा एक स्नायू उडू लागला. ताईंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. बेचाळीस या आकड्यात इतकं काय आहे, असाही एक विचार येऊन गेला. त्या वर्षी माणूस कोणत्या तापमानाला फुटतो हे कोणी मोजलेलं नाही.

“सही करण्याआधी एक गोष्ट दाखवू?” त्या म्हणाल्या.

“गरज आहे का?” सरांनी विचारलं.

“दाखवा,” परीक्षक म्हणाले.

ताईंनी हीटर आहे तिथेच धरून ठेवला. मग मीटरच्या बाजूचं छोटं बटण दाबलं. ‘के’ जाऊन ‘एन’ आलं. पाचशे सातच्या जागी सहाशे आलं. पडद्यावरचं टोक जसं होतं तसंच निम्म्यावर उभं राहिलं.

“हे काय झालं?”

“काही झालं नाही. नळी तेवढीच गरम आहे. आधीपासून तेवढीच होती. तार एन जातीची आहे आणि मीटर तिला के समजत होता.”

परीक्षक मीटरवर वाकले, मग नळीमागे वाकले, मग सरळ झाले. सर भिंतीवरचं आग विझवण्याचं नळकांडं न्याहाळू लागले होते. त्यावरच्या सूचना लांबलचक होत्या, पण सर सगळ्या वाचणार असं दिसत होतं.

“किती दिवस?”

“दोन वर्षं चार महिने.”

“म्हणजे लेखातले सगळे आकडे.”

“सगळे.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“आज सकाळी पावणेनऊला.”

“कशावरून?”

“किटलीवरून,” ताई म्हणाल्या, आणि आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून पाटीमागे बोट दाखवलं.

परीक्षकांनी स्टूल ओढलं आणि बसले. ताईंनी लेसर बंद केला, तेव्हा खोली एकदम मोठी वाटू लागली.

“आमचा आकडा पाचशे चार होता,” परीक्षक म्हणाले.

“हो.”

“आधी तो पाचशे चार नव्हता.” त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. “आमच्या गणितात एक गुणक असतो. किती ठेवायचा याला थोडी मोकळीक असते. लेखाआधी तुमचा आकडा कानावर आला, तेव्हा मी तो नीट बसवून घेतला.”

“थोडासा?” सरांनी नळकांड्याकडूनच विचारलं.

“सहाशे चाळीसचे पाचशे चार होतील इतपत.”

सर वळले. सिद्धांत आणि प्रयोग यांचा मेळ कसा बसला होता ते आता तिघांना समजलं होतं, आणि तिघांपैकी कोणालाच ते मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

“मग आता सहाशे चाळीस आणि सहाशे,” ताई म्हणाल्या. “चाळीसचा फरक राहतो.”

“राहतो. आणि माझे सहाशे चाळीस बरोबर आहेत असं मी म्हणत नाही.” परीक्षकांनी पाचशे सातवर काट मारली, सहाशे लिहिलं, काटेशेजारी आद्याक्षरं केली. मग शेऱ्याच्या रकान्यात ते लिहीत राहिले. रकाना भरला तेव्हा कागद उलटा करून मागे लिहीत राहिले. वीस मिनिटं. ताईंनी वाचायचा प्रयत्न केला, पण त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात होती. शेवटी कागद पुन्हा समोर आला आणि ताईंनी सही केली. परीक्षक दोघांना मान हलवून निघून गेले.

“झालं समाधान?” सरांनी विचारलं. त्यानंतर ते सतरा दिवस ताईंशी फक्त चिठ्ठ्यांतून बोलले. ‘पुनर्मापन कुठवर आलंय?’ ‘बाराचे आकडे द्यावेत.’ ताई आकडे देत राहिल्या. नवी तार त्यांनी आधी उकळत्या पाण्यात, मग वितळत्या कथलात, मग वितळत्या जस्तात ताडून पाहिली. घरी सासऱ्यांनी एकदाच विचारलं, किती निघाले. सहाशे, त्या म्हणाल्या. खात्री आहे? आहे, बाबा. सासऱ्यांनी मान डोलावली आणि पुढे काही बोलले नाहीत, कारण त्यांच्या खात्यात असल्या प्रामाणिकपणानंतर दुकानाचं काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. रात्री ताईंचे यजमान कधी जाहिराती वाचून दाखवत: शाळेत विज्ञान शिकवणे, अनुभव नको. दहाव्या दिवशी ताईंनी टेबलाचा वरचा खण रिकामा केला. पंधराव्या दिवशी खालचा.

अठराव्या दिवशी आस्थापना विभागातून निरोप आला. ताई गेल्या. कारकुनाने एक पाकीट दिलं आणि वहीत सही घेतली. पाकीट तिथेच फोडलं. कायम पदावर आपली निवड झाल्याचं कळवण्यास आनंद होत आहे. ताईंनी ते तीनदा वाचलं.

बातमी पोचायच्या आत सर पोचले. प्रामाणिकपणाला फळ येतंच, असं ते कॉरिडॉरमध्ये भेटेल त्याला सांगू लागले, आणि त्या दिवशी आपणच ताईंना धीर दिला होता हेही. संचालकांनी साप्ताहिक सभेत नैतिक धैर्यावर बारा मिनिटं भाषण केलं. फिटरकाकांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. ते मध्येच उठून गेले, झडप गळत होती.

सभा संपल्यावर ताई पुन्हा आस्थापना विभागात गेल्या. त्यांना एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

“त्या शेऱ्यात परीक्षकांनी काय लिहिलं होतं?”

कारकुनाने फाईल काढली, कागद उजेडात धरला, उलटा केला. “बरंच लिहिलंय. लागत नाही. समितीलाही लागलं नाही, म्हणून त्यांनी ‘वाचले’ एवढीच नोंद केलीये.”

“मग निवड कशावरून केली? बाकीच्या उमेदवारांचं काय कमी पडलं?”

“बाकीचे?” कारकुनाने बोट ओलं करून पानं मागे उलटली आणि खात्री करून घेतली. “अर्ज एकच आला होता.”